कोरं घुंगरू

तळ्याकाठच्या त्या घरात वास हा घरचाच माणूस होता. येणाऱ्याला तो दारातच भेटायचा. आंबवलेल्या कोंड्याचा, भिजल्या पेंडीचा, गुळाच्या पाण्याचा, मागच्या अंगणात गांडुळांच्या पेटीतल्या ओल्या मातीचा. सून लग्न होऊन आली तेव्हा सुरुवातीला नाकाला पदर लावून वावरायची. मग कधी तरी पदर खाली आला तो आलाच. "नाक हरलं की घर जिंकलं, सूनबाई," सासरे तेव्हा म्हणाले होते आणि आपल्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसले होते.

सासरे चारा करायचे. गुरांचा नव्हे, माशांचा. सुट्टीच्या दिवशी शहरातून हौशी गळवाले यायचे. घडीच्या खुर्च्या, रुंद टोप्या, एकेकाकडे चार-चार गळकाठ्या. दिवसभर पाण्याकडे बघत बसायचं, मासा लागला की ओढायचा, त्याला बाळासारखं दोन्ही हातांवर घेऊन फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. "भरल्या पोटाचा खेळ," असं नवरा म्हणायचा. पण त्या खेळावरच या घराची चूल होती. नवरा होड्या भाड्यानं द्यायचा, सून चहा आणि उकडलेली अंडी पुरवायची, आणि सासऱ्यांच्या चाऱ्यासाठी तर लोक नाव विचारत यायचे. बादलीत हात घालायचा, चिमूटभर लगदा नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे. "कच्चं आहे." किंवा, "उद्या दुपारी उतरेल." ते नाक कधी चुकलं नव्हतं.

मग रोग आला, आणि रोगाच्या आधी नियम आले. तळ्यावर जायचं नाही. दोघांनी एकत्र उभं राहायचं नाही. गावातलं दुकान सकाळी थोडा वेळ उघडं, बाकी कडीकुलूप. दुकानासमोर रस्त्यावर चुन्यानं गोल आखले आणि माणसं त्या गोलांत गाई बांधाव्यात तशी उभी राहू लागली. धक्क्यावरच्या होड्या साखळीत गेल्या. उन्हाळा चढत होता. होड्यांच्या तळाची लाकडं सुकून फटी पडू लागल्या, म्हणून नवरा रोज त्यांच्यावर पाणी मारायचा. दुसरं काम नव्हतं.

सासऱ्यांना मात्र काम होतं. पहाटे बादली घेऊन ते नेहमीच्या जागी चारा टाकायला निघायचे.

"अहो आबा, गळवाले नाहीत तर चारा कुणासाठी?" सुनेनं विचारलं.

"माशांसाठी. गळवाले काय आज नाहीत, उद्या येतील. पण मासा उपाशी राहिला की पत्ता बदलतो. मग उद्या आलेल्या गळवाल्याला काय तुझं तोंड दाखवू?"

तळ्याच्या पहारेकऱ्याला सगळे शिट्टीवाला म्हणत. एरवी तो याच घरी फुकटचा चहा प्यायचा. नियमांनी त्याच्या शिट्टीला धार आली होती. एका सकाळी त्यानं सासऱ्यांना काठावर धरलं, बादली रस्त्यावर उपडी करायला लावली आणि दुकानासमोरच्या एका गोलात उन्हात बसवून ठेवलं. रांगेतली माणसं बघत होती. कुणी तरी म्हणालं, "म्हातारबा, गळाला लागलात का?" लोक हसले. सासरेही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी चहा घेतला नाही. नात, चिमी, नुकती चालायला लागली होती. तिला मांडीवर घेऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. चिमीला एकच शब्द येत होता, आबा. ती भिंतीलाही आबा म्हणायची, मांजरालाही.

सुनेचा जीव त्या दिवसांत टांगणीलाच होता. ती कॉलेजला गेलेली, बातम्या वाचणारी. पिशव्या उन्हात ठेवायची, नाणी साबणात बुडवायची. काळजीनं म्हणा की अपुऱ्या खाण्यानं, तिच्या अंगावरचं दूध आटलं. दुकानात पावडरीचा डबा मिळेना. चिमी रात्रंदिवस किरकिरायची. अशात फोटोवाल्यांचा फोन आला.

फोटोवाले म्हणजे जुनं गिऱ्हाईक. प्रत्येक माशाबरोबर फोटो काढत, म्हणून ते नाव. घरात बसून वेड लागायची पाळी आली आहे, म्हणाले. एकच सकाळ. मागच्या वाटेनं येतो, कुणाला दिसणार नाही.

"जमायचं नाही, साहेब," नवरा म्हणाला. "इथे पाण्यात सावली पडली तरी शिट्टी वाजते."

"काही आणायचं का शहरातून?"

नवऱ्यानं फोनवर हात ठेवून बायकोकडे बघितलं. ती चिमीला खांद्यावर थोपटत होती. नको म्हणायला हवं हे तिला कळत होतं. चिमी रडत होती.

"दुधाच्या पावडरीचे डबे म्हणावं," ती म्हणाली.

फोटोवाले उजाडता उजाडता आले. तोंडावरची पट्टी हनुवटीवर. सासऱ्यांनी पत्र्याच्या छपराची मोठी होडी सोडली. तिच्या साखळीची किल्ली नवऱ्याकडेच होती. फोटोवाले खोकले. "धूळ हो, धुळीचा त्रास आहे मला." मोठा मासा लागला. त्याला काढायला सासरे त्यांच्या खांद्याला खांदा लावून वाकले, मग फोन धरून फोटो काढला, मग दोघं मिळून हसले, मग मासा गेला. जाताना फोटोवाल्यांनी डब्यांची पिशवी दारात ठेवली. सुनेनं डबे साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतले. सासऱ्यांना धुणं तिला सुचलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी घरात असा वास सुटला की ती भात टाकून अंगणात धावली. चाऱ्याची बादली उन्हात राहून नासली होती. वर हिरवट फेस, आत अळ्या. तिनं पदर नाकाला लावला. सासरे शेजारीच बाजेवर बसले होते, मांडीवर चिमी.

"आबा, ही बादली फेकू का? नासलीय."

"नासतेय कशाला? बघू." त्यांनी बोटं बुडवली, चिमूट नाकाशी नेली, डोळे मिटले. "अजून कच्चं आहे, सूनबाई. दोन दिवस तरी लागतील."

माशा त्यांच्या बोटांवर बसत होत्या. त्यांनी पुन्हा हुंगलं, मग जोरात हुंगलं. डोळे उघडून बोटांकडे बघितलं. अळी दिसली तसा त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

तिनं झडप घालून चिमीला उचललं. उचलताना पोरीच्या हातातली आबांच्या सदऱ्याची गुंडी तुटली. चिमी भोकाड पसरून "आबा, आबा" करू लागली. सासऱ्यांनी हात पुढे केले, आणि तसेच मागे घेतले.

"कधीपासून?" तिनं दुरून विचारलं.

"कुणास ठाऊक. वास येत नाही हे कळायला आधी वास यावा लागतो." थोडं थांबून म्हणाले, "अंग मोडून आलंय खरं. मला वाटलं, त्या दिवशीच्या उन्हानं."

नवऱ्याला पटेना. "सर्दी असेल. कॉलेजात काय नाकाचा वर्ग होता का तुझ्या?"

"त्यांचं नाक गेलंय," ती ओरडली. "त्यांचं! तुम्हीच सांगा, कधी गेलं होतं का?"



भिंतीवर एक नंबर लिहिलेला होता. तो फिरवला की गाडी यायची, माणसाला गावाबाहेरच्या शाळेत न्यायची, घरावर पट्टी मारायची. पलीकडच्या काकूंचे दीर चालत गाडीत बसले होते. परत आली ती त्यांच्या चपलांची पिशवी. सासऱ्यांनी ती पिशवी कुंपणावरून बघितली होती.

"शाळेत मी लहानपणी टिकलो नाही, आता काय टिकणार," ते म्हणाले. "मला होडीत ठेवा. छपराच्या. मधोमध नांगर टाकतो. पोरीपासून लांब, वाऱ्याला मोकळा. उतरला ताप की येतो काठाला."

नवऱ्यानं पावाचे पुडे, मुरमुरे, पाण्याचे डबे, घोंगडी भरली. चाऱ्याची पोती सासऱ्यांनी स्वतः चढवली. "ती कशाला?" "रिकामं बसून काय करू? घरबसल्या चारा टाकतो. आता शिट्टीवाला म्हणेल का, म्हातारा काठावर आला?"

त्यांनी एक जाड नायलॉनचा दोरा होडीपासून थेट घराच्या मागच्या धक्क्यापर्यंत आणून खांबाला बांधायला लावला आणि त्याला गळकाठीचं पितळी घुंगरू अडकवलं. मग काठापासून चार हात दूर, पाण्यात गुडघाभर उभं राहून सुनेला समजावलं.

"नीट ऐक. सकाळी उजाडलं की मी ओढीन. दोन झटके, मग थांबणार, मग एक लांब ओढ. तेवढं वाजलं की समज, आहे. पण चारा पडला की मासा गोळा होणार, दोऱ्याला अंग घासणार. घुंगरू तेव्हाही वाजतं. त्याला आम्ही कोरं म्हणतो. कोरं वाजलं म्हणून कुणी काठी उचलत नाही. नवे गळवाले तिथेच फसतात."

"ओळखायचं कसं?"

"माशाला थांबता येत नाही, पोरी. थांबतो तो माणूस."

पहिल्या सकाळी ती चिमीला कडेवर घेऊन धक्क्यावर उभी राहिली. तळं राखाडी होतं. घुंगरू हललं. टिण, टिण. मग काही नाही. तिनं श्वास धरला. मग दोरा ताणला गेला आणि घुंगरू लांब वाजलं. तिनं दोरा उलट ओढला, आहोत म्हणून. चिमीनं टाळ्या वाजवल्या. पुढच्या सकाळी, त्याच्या पुढच्या सकाळी, तसंच. नवरा संध्याकाळच्या अंधुकात छोटी होडी घेऊन जायचा, भाताचा डबा वल्ह्याच्या टोकावर ठेवून पोचवायचा. "चिडलेत," तो येऊन सांगायचा. "म्हणाले, भाताला चव नाही. मी म्हटलं, तुमच्या जिभेला नाही." नवरा-बायको बऱ्याच दिवसांनी हसली.

मग शिट्टीवाला आला, दोन गणवेशवाल्यांना घेऊन. त्यांच्या फोनवर फोटो होता. फोटोवाल्यांनी तो आपल्या गळवाल्या मित्रांत फिरवला होता, तिथून तो गावभर फिरला. मोठा मासा, हसणारे फोटोवाले, मागे पत्र्याचं छप्पर.

"ही तुमचीच होडी ना?"

नवऱ्यानं मान डोलावली.

"ती मध्ये काय करतेय?"

"फटी पडल्यात. पाण्यात ठेवलीय, लाकूड फुगायला." हे निम्मं खरं होतं, म्हणून सहज निघालं.

त्यांनी छोट्या होड्या नव्यानं साखळीत घातल्या, कुलूप आपलं लावलं आणि सगळी वल्ही उचलून गाडीत टाकली. शिट्टीवाल्यानं जाताना धक्क्यावरच्या दोऱ्याकडे बघितलं. पण तो सुनेच्या हातच्या चहावर पोसला होता. शिट्टी न वाजवता गेला.

त्या संध्याकाळी नवरा डबा डोक्याला बांधून पोहत गेला. ओला, दमून परत आला. "बसून आहेत. धाप लागतेय. म्हणाले, सूनबाईला सांग, घुंगरू बघ, बाकी काही बघू नको." डबा चढवताना होडीच्या कडेला लोंबकळला होता, तेव्हा त्यांनीच त्याला हाताला धरून टेकू दिला होता. दोन दिवसांनी नवऱ्याला ताप भरला. त्यानं आतल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. सून दाराशी पाण्याचा तांब्या ठेवायची, लांब सरकायची, मग तो दार उघडायचा.

आता तळ्यात जाणारं कुणी नव्हतं. तिला पोहता येत नव्हतं. आत नवरा, बाहेर सासरे, कडेवर चिमी. भिंतीवरचा नंबर तिनं एकदा फिरवला. आधी एक बाई नियम सांगू लागली. हात धुवा, अंतर ठेवा. ती बाई बोलत असताना सुनेला गाडी दिसली, दारावरची पट्टी दिसली. आपल्यालाही ताप निघाला तर चिमीला कोण घेणार, हे दिसलं. तिनं फोन ठेवून दिला. सकाळी घुंगरू वाजलंच होतं की. दोन झटके, थांबून एक ओढ. लांब नव्हती, पण ओढ होती.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा तळ्यावर वारा नव्हता. घुंगरू वाजायला उशीर झाला. ती उभी राहून राहून धक्क्यावर बसली. मग ते वाजलं. टिण टिण टिण, टिणटिण, टिण. दोरा थरथरत होता, पाण्यावर बारीक रेघा उठत होत्या. ती वाट बघत राहिली की आता थांबेल. ते थांबलं नाही. पावसाच्या थेंबांनी पत्रा वाजावा तसं, मनात काही नसल्यासारखं वाजत राहिलं.

तिनं दोरा ओढला. पलीकडे जड होतं. ओढीला ओढ आली नाही.

घरात येऊन तिनं चिमीचं दूध कालवलं. पावडरीच्या गुठळ्या मोडताना चमचा भांड्यावर आपटत होता.

"वाजलं का?" आतून नवऱ्याचा आवाज आला.

"वाजलं."

"कसं?"

चमचा थांबला. "दोनदा. मग थांबून एकदा."

"हं," तो म्हणाला. खाट करकरली. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला. ती दाराला कान लावून त्याचा श्वास ऐकत बसली. थकलेले असतील, ती स्वतःला सांगत होती. हात दुखत असेल. आजारी माणूस ओढणार कसा, नुसता बोटानं हलवत असेल. दुपारी तिनं तळ्याकडची खिडकी लावून घेतली. ऊन येतं म्हणून.

त्याच्या पुढच्या सकाळी घुंगरू आणखी जोरात वाजत होतं. होडीखाली पाणी जणू उकळत होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, पाठी चमकत होत्या. इतके मासे तिनं भर हंगामातही बघितले नव्हते. छपरावर कावळे बसले होते. चिमीनं कडेवरून बोट दाखवलं. "आबा!"

"वाजलं का?" नवऱ्यानं विचारलं.

"वाजलं," ती म्हणाली. मग चुलीपाशी गेली, चिमीला पाळण्यात ठेवलं, पाळणा दोरीनं दाराच्या कडीला बांधला. तोंडाला पट्टी लावली आणि रस्त्यानं निघाली. दुकान अजून उघडायचं होतं. चुन्याचे गोल रिकामे होते. ती त्यातल्या एकात जाऊन उभी राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं. सगळी जमीन मोकळी होती. शिट्टीवाला लांबून आला.

"काय वहिनी, एवढ्या सकाळी?"

"तळ्यात माणूस आहे," ती म्हणाली. "आमचे आबा."

त्याची शिट्टी गळ्यात लोंबत राहिली. "आणि मला आत्ता सांगताय?"

मोटारबोट आली. अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं आली; त्यांचे चेहरे दिसत नव्हते. नवरा खोलीतून निघून भिंतीला धरत धरत दारापर्यंत आला. त्यांनी त्याला हातानंच थोपवलं, तिथेच राहा. घरावर पट्टी मारायची होती, ती त्याच्या डोळ्यांसमोर चिकटवायला लागले.

होडीतून आवाज आला. एक जण दुसऱ्याला सांगत होता, दोरा मनगटाला गुंडाळलाय, सुटत नाही, काप. आणखी कुणी तरी म्हणालं, पोतं ठेवलं होतं होडीच्या कडेला, चारा सांडतोय पाण्यात अजून. मग पांढऱ्या पिशवीत काही तरी लांबट मोटारबोटीत उतरलं.

काठावर एकानं लिहायला फळी काढली. "शेवटचं बोलणं कधी झालं?"

सून दोऱ्याकडे बघत होती.

"कालची खूण होती," नवरा दारातून म्हणाला. "काल सकाळी ओढलं होतं त्यांनी. हिनं ऐकलं."

फळीवाल्यानं त्याच्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. "काल नाही, दादा," तो हळू म्हणाला. "कालचं नाही हे. त्याच्या आधीचं."

गाडी गेली. शिट्टीवाला पट्टीच्या पलीकडे थोडा वेळ उभा राहिला, मग तोही गेला. पट्टीच्या अलीकडे नवरा, बायको आणि पाळण्यात चिमी. नवरा खाली बसला होता, उंबऱ्यावर, गुडघ्यांत डोकं घालून. त्याच्या पाठीची हाडं सदऱ्यातून दिसत होती. ती त्याला हात लावायला गेली आणि नियम आठवून हात मागे घेतला. आबांनी घेतला होता तसा.

"मध्ये थांबलं होतं का?" त्यानं डोकं वर न करता विचारलं.

मागच्या धक्क्यावर कापलेला दोरा खांबापासून पाण्यात गेला होता. चारा अजून तळाशी होता, मासेही होते. घुंगरू वाजत होतं, आणि चिमी पाळण्यातून त्याला हाक मारत होती.

"नाही," ती म्हणाली.